जुन्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये आरटीएक्स ३०५० (६ जीबी): बसतं, चालतं, पण सगळ्यांनी घ्यावं असं नाही

कंपन्यांमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर सोलापुरात सगळीकडे दिसतात. लग्नाचे अल्बम करणारे स्टुडिओ, डीटीपीवाले, चादर-टॉवेलची डिझाइनं काढणारे, इंजिनिअरिंगची पोरं, सगळ्यांच्या टेबलाखाली तोच काळा डबा. मशीन दणकट असतं, पण ग्राफिक्स कार्ड टाकायची वेळ आली की अडतं. आरटीएक्स ३०५० (६ जीबी) या ग्राफिक्स कार्डाचा हा रिव्ह्यू अशा मशीनसाठीच आहे, म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरच्या आसपासचं, टॉवर आकाराचं. नमुन्याला ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवर धरलाय.

आधी विजेचं बघू, कारण निम्मे लोक तिथंच फसतात. मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्यातले बारा व्होल्टवर फक्त ६६. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून (मशीनला वीज देणारा आतला डबा) सहा किंवा आठ पिनची वेगळी केबल लागते, आणि या ऑफिस मशीनांच्या एसएमपीएसला ती केबल बहुतेक नसतेच. त्यामुळे पर्याय आपोआप कमी होतात. एनव्हिडियाचं ३०५० ६ जीबी फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. ते ७० वॅटचं आहे आणि वेगळ्या केबलशिवाय चालतं. आज या वर्गात नवं मिळणारं हेच सगळ्यात कामाचं कार्ड.

पण दुकानात नुसतं ‘३०५० द्या’ म्हणू नका. त्याच नावाचं २०२२ मधलं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे आणि त्याला केबल लागते. फरक फक्त मेमरीचा आहे असं बॉक्स बघून वाटतं, पण ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटचा बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) आहे, तर ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. गेममध्ये लहान भाऊ साधारण पाचवा हिस्सा मागे पडतो. दोघांना एकच नाव देणं हा कंपनीचा चावटपणाच म्हणायचा. घेताना कार्डाच्या वरच्या कडेला पॉवरचं सॉकेट नाही ना, एवढं डोळ्यांनी बघून घ्या.

‘८ जीबीच घ्या, साटा टू सिक्स पिनचं अडॅप्टर टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. साटाच्या पॉवर पिना बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या, म्हणजे ५४ वॅटच्या. सहा पिनच्या सॉकेटमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. हार्डडिस्कची ती पातळ केबल मग तापते, आणि प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला तरच कळतं.

९०२० टॉवरचा एसएमपीएस २९० वॅटचा. आय५ ४५९० चे ८४, कार्डाचे ७०, बोर्ड-रॅम-डिस्क-पंख्याचे तीसचाळीस धरले तरी बेरीज दोनशेच्या आत राहते. आधीच्या ७०१० टॉवरचा २७५ वॅटचा एसएमपीएसही पुरतो. म्हणून ‘पाचशे वॅटचा टाकावाच लागेल’ असं जे सांगतात, त्यात तथ्य नाही. शिवाय ९०२० मध्ये बाजारातला एसएमपीएस तसाच बसतही नाही. डेलनं बोर्डाला नेहमीच्या २४ पिनऐवजी स्वतःचं ८ पिनचं सॉकेट दिलंय, त्यासाठी वेगळी कन्व्हर्टर केबल घ्यावी लागते. जुना एसएमपीएस लोडवर मशीन बंद पाडत असेल तरच या भानगडीत पडा.

स्लिम मॉडेलवाल्यांनी इथं थांबून आपलं मशीन उघडून बघावं. अर्ध्या उंचीचं ३०५० मिळतं, पण ते दोन स्लॉट जाड असतं, आणि बऱ्याच स्लिम डब्यांत मोठा स्लॉट एसएमपीएसला चिकटून असतो, तिथं जाड कार्ड शिरतच नाही. शिवाय काही स्लिम मशीनांचा स्लॉट ७५ वॅट द्यायला बनवलेलाच नाही, मॉडेलच्या माहितीपत्रकात आकडा असतो, तो आधी वाचा.

टॉवरमध्ये बसवणं सोपं आहे, एक-पंख्याचं आखूड कार्ड घेतलं तर. दोन-तीन पंख्यांचं लांब मॉडेल हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला टेकतं आणि ७० वॅटच्या कार्डाला त्याचा तसा उपयोगही नाही. केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. झाकण काढून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. मागची पट्टी धरणारं निळं हँडल उघडा (डेलमध्ये हातानं हलवायचे भाग निळे असतात), दोन पट्ट्या काढा, कार्ड सरळ खाली दाबा, शेवटी ‘टक’ आवाज आला पाहिजे. अडचण येते ती साटा केबलची. काही बोर्डांवर साटाची सॉकेटं नेमकी कार्डाच्या पोटाखाली असतात. सरळ पिनेची केबल तिथं उभी राहते, कूलर तिच्यावर टेकतो आणि कार्ड एका बाजूनं अर्धा मिलिमीटर वर राहतं. डिस्प्ले येत नाही, लोक कार्ड खराब म्हणून परत घेऊन जातात. एल आकाराच्या पिनेची केबल लावली की काम झालं. शेजारच्या स्लॉटमध्ये वायफाय कार्ड असेल तर तेही झाकलं जातं, यूएसबी वायफायची तयारी ठेवा.

मग मॉनिटर. या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतं, व्हीजीए नसतं. दुकानांतून, ऑफिसांतून अजून निळ्या व्हीजीए केबलचे मॉनिटर चालू आहेत. त्यांना नुसती ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ केबल चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, कारण कार्डातून अॅनालॉग सिग्नल बाहेरच पडत नाही. आणि कार्ड टाकल्यावर केबल मदरबोर्डच्या जुन्या सॉकेटात राहिली तर पडदा काळाच राहणार. ‘डिस्प्ले गेला’ म्हणून आलेल्या तक्रारींत हे कारण पहिलं तपासावं.

बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कार्डाआधीच अपडेट करा, आणि मशीन यूपीएसवर असतानाच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड दुरुस्तीला जातो. बूट मोड यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) असलेला बरा. पण विंडोज जर लेगसीमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत, टाकलेलं असेल तर मोड नुसता बदलू नका, बूट होणार नाही. आधी विंडोज १० मधल्या एमबीआर-टू-जीपीटी टूलनं डिस्क बदलून घ्या, त्याआधी बॅकअप. २०१०-११ च्या, यूईएफआय नसलेल्या मशीनांत हे कार्ड टाकायच्या फंदात पडूच नका. चाललं तर चाललं, नाही तर काळा पडदा आणि वाद.

ड्रायव्हर टाकल्यावर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून दोन गोष्टी बघा: बस ९६ बिट, आणि लोडवर पीसीआय एक्सप्रेस ३.० वर ८ लेन (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा). कार्ड आठच लेनचं आहे, त्यामुळे आकडा १६ नाही म्हणून घाबरू नका. मात्र दुसऱ्या पिढीच्या आय५ वर हेच २.० होतं आणि या वाटांवरचा डेटाचा वेग निम्म्यावर येतो.

कामाला कसं आहे? व्हिडिओ एडिटिंगला पैसे वसूल. एक्सपोर्टसाठी हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा कार्डातला भाग) आहे, एच२६४ आणि एच२६५ दोन्ही, आणि आय५ वरचा भार दिसण्याइतका उतरतो. एक अडचण स्टुडिओवाल्यांनी आधीच माहीत करून घ्यावी: नव्या कॅमेऱ्यांचं ४:२:२ दहा बिटचं फुटेज हे कार्ड हार्डवेअरवर उलगडत नाही. टाइमलाइन अडखळणार, प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करूनच काम करा. कोरल ड्रॉ किंवा जॅकार्डची डिझाइनं एवढंच काम असेल तर हे कार्ड घेऊ नका. त्याच पैशांत एसएसडी आणि ८-८ जीबीच्या दोन रॅम टाका, फरक त्यानं पडेल.

गेममध्ये १०८० पीला जीटीए ५ आरामात चालतं. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये मर्यादा कार्डाची नसून चार कोअरच्या प्रोसेसरची आहे. तिसऱ्या पिढीच्या आय५ मध्ये एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) नाही, काही नवे गेम त्यामुळे उघडतच नाहीत. अशा जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकलं असेल तर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी मागतं, आणि तिथं कार्ड काहीच करू शकत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आरटीएक्स कार्डांचे गेम ड्रायव्हर त्यावर ऑक्टोबर २०२६ पर्यंत द्यायचं एनव्हिडियानं जाहीर केलंय.

स्वस्तात बघायचं तर जीटीएक्स १६५० आजही ठीक आहे, ४ जीबी, ७५ वॅट. आरएक्स ६४०० स्लिम डब्याला ५३ वॅटमुळे सोयीचं, पण त्यात एन्कोडरच नाही आणि चारच लेन, जुन्या बोर्डावर मार बसतो. इंटेल आर्क जुन्या मशीनला नको, त्याला रीसायझेबल बार (नव्या बोर्डांतली एक सोय) लागतो. जीटी १०३० आणि १०५० टीआयचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट. ऑनलाइन अगदीच स्वस्त ‘१०५० टीआय’ दिसलं तर जुन्या कार्डावर बायोस बदलून विकलेलं असू शकतं. जीपीयू-झेड अशा कार्डासमोर ‘फेक’ असं दाखवतं.

आता सोलापूरची गोष्ट. ऑप्टिप्लेक्समध्ये हवा बाहेर टाकणारा एकच पंखा आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर. तरी ७० वॅटचं कार्ड तेवढ्यानं अडत नाही. अडतं ते तंतूंमुळे. यंत्रमागाजवळच्या घरात, कारखान्याच्या ऑफिसात कापसाचे बारीक तंतू पंख्याच्या पात्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो, टॉर्च तिरपा धरला की आतली पांढरी गादी दिसते. अशा ठिकाणी दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो वेडावाकडा फिरून बेअरिंग जातं. ओल्या फडक्यानं पुसू नका, तंतू चिकटून बसतात.

पैशांचं बोलायचं तर नवं कार्ड बहुतेक वेळा त्या सेकंडहँड मशीनपेक्षा महाग पडतं. दोन वर्षांत मशीन बदलायचा विचार असेल तरी चालेल, कार्ड काढून नव्यात टाकता येतं. फक्त बिल जीएसटीचं घ्या, कार्डाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या आणि बॉक्स फेकू नका. नंबर नसलेल्या बिलावर वॉरंटीचं काम अडतं.