पेटंट म्हणून हातात दिलं ते भलतंच सर्टिफिकेट

सर्टिफिकेटवर अशोकस्तंभ होता, खाली सही होती, माझं नाव-गाव बिनचूक होतं. कागद बनावट असल्याची शंका कुणालाच आली नाही, आणि तो बनावट नव्हताही. सरकारनेच दिलेला अस्सल कागद होता. फक्त पेटंटचा नव्हता.

बेळगावात उद्यमबागेत माझं लहानसं वर्कशॉप आहे, लेथ आणि वेल्डिंगचं. उचगाव, बेळगुंदी भागातले शेतकरी पॉवर टिलरचे फाळ दुरुस्तीला आणतात. रताळी काढताना वेल फाळाला गुंडाळतो आणि रताळं मधोमध कापलं जातं, ही त्यांची कायमची तक्रार. कापलेल्या मालाला मार्केट यार्डात भाव पाडून मागतात. म्हणून मी टिलरला लावायचा एक जोड बनवला: पुढे वेल कापणाऱ्या दोन चकत्या, मागे खालून माती उचलणारा फाळ, आणि मधे दगड लागला की फाळ वर घेणारी स्प्रिंगची कडी. चालला. गावोगाव बोलबाला झाला आणि त्या बोलबाल्यामागून ‘पेटंट कन्सल्टंट’ आला.

माणूस गोड बोलणारा. माझ्याशी मराठीत, शेजारच्या फाउंड्रीवाल्याशी कन्नडमध्ये. “अण्णा, उद्या कोणीतरी कोल्हापुरात याची कॉपी मारणार, मग बसा बोंबलत. पंचेचाळीस हजारांत सगळं करून देतो.” पैसे तीन हप्त्यांत घेतले. पहिला रजिस्ट्रेशनचा. दुसरा चेन्नईला जाण्या-येण्याचा, राहण्याचा. तिसरा ‘साहेबांचा’, म्हणजे कसला ते विचारायचं नाही.

चेन्नईच्या हप्त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या सीमाभागात ही थाप चांगली खपते. आपलं सगळं लक्ष मुंबईकडे, पण राहणं आणि धंदा कर्नाटकात असेल तर अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडेच जातो. एवढं त्याचं खरं. पण त्यासाठी चेन्नई गाठावी लागत नाही. नोंदणीकृत पेटंट एजंटला कागद ऑनलाइनच भरावे लागतात, आणि सुनावणीसुद्धा व्हिडिओवर होते. मग तो लॉजवर राहिला कशाला?

काही महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. सोबत ‘पेटंटेड’ छापलेल्या स्टिकरची शीट, ती फुकट. निपाणीकडच्या एका डीलरने माल उचलण्याआधी पेटंट नंबर मागितला, तेव्हा भाच्याने कागद नीट वाचला. तो इंजिनिअरिंगला आहे. वर ‘डिझाइन’ असं हिंदी-इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं. नंबर सहा आकडी, पुढे डॅश घालून 001. खाली क्लास 15-03, म्हणजे शेतीची यंत्रं. भाचा म्हणाला, “मामा, हे डिझाइन रजिस्ट्रेशन आहे. एकट्या माणसाला याची सरकारी फी हजार रुपये.”

डिझाइन रजिस्ट्रेशन वाईट नाही. पण ते वस्तू दिसते कशी एवढंच राखतं, चालते कशी ते नाही. माझी कडी आणि चकत्या तशाच ठेवून कोणी बाहेरचा पत्रा गोल केला, तर मी काहीही करू शकत नाही. हाच धंदा कॉपीराइट नोंदणी दाखवूनही चालतो: यंत्राच्या वर्णनाची पानं ‘साहित्य’ म्हणून नोंदवायची आणि पेटंट झालं म्हणून सांगायचं.

ओळखायला सोपी खूण आहे. पेटंट अर्जाचा नंबर बारा आकडी असतो. पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा: दिल्ली 1, मुंबई 2, कोलकाता 3, चेन्नई 4. म्हणजे बेळगावच्या माणसाचा 2024 मधला साधा अर्ज 20244 नेच सुरू व्हायला हवा. अर्ज भरला म्हणणाऱ्याकडून फीची पावती आणि फॉर्म 1 ची, म्हणजे मूळ अर्जाची, प्रत मागा, आणि फॉर्मवर अर्जदार म्हणून नाव कुणाचं आहे ते वाचा. काही महाभाग स्वतःचंच घालतात. एजंट नोंदणीकृत आहे का, हेही पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवरच्या यादीत फुकट दिसतं. आमच्या कन्सल्टंटचं नाव तिथे नव्हतं.

पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. अर्ज ‘पडलाय’ असं सांगून त्यानेच मला कृषी प्रदर्शनात यंत्र मांडायला लावलं, व्हिडिओही टाकायला लावला. पेटंटला नावीन्य लागतं. अर्जाआधी वस्तू चारचौघांत उघड झाली की ते गेलंच म्हणायचं. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना बारा महिन्यांची सवलत आहे, आमच्या मैदानावरच्या मांडवाला नाही. शिवाय पेटंट नसताना ‘पेटंटेड’ लिहून विकणं हा कायद्याने दंडाचा विषय, म्हणजे स्टिकर लावल्याबद्दल उद्या मीच अडकलो असतो. शीट पंचनाम्याला लागेल म्हणून तशीच ठेवली आहे.

खरा खर्च किती? एकट्या माणसाला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची ऑनलाइन सरकारी फी 1600 रुपये, कागदावर पाठवला तर 1750. तेवढ्यात अर्ज आधी कुणाचा हे ठरवणारी तारीख आपल्या नावावर पडते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. पुढे तपासणीच्या विनंतीचे 4000. कागद इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात, मराठी-कन्नड चालत नाही, त्यामुळे लिहून घ्यायला जाणकार माणूस लागतो आणि त्याचे पैसे द्यावेत. प्रोव्हिजनल वरवर लिहून उपयोग नाही. जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. कारागीर, शेतकरी असाल तर गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे आधी विचारा, ते निवडलेल्या कल्पनांचं पेटंट स्वखर्चाने भरतात. आणि ‘वर्ल्ड पेटंट’ दीड लाखात देतो म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. सगळ्या जगाला चालणारं पेटंट नावाची वस्तूच नाही, प्रत्येक देशाचं वेगळं असतं. आमच्या माणसाने तीही ऑफर दिली होती, सवलतीत.

पैसे यूपीआयने दिले होते, व्हॉट्सअॅपवर ‘पेटंट’ हा शब्द त्याने स्वतः लिहिला आहे. ते सगळं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच घेतली आहे. त्याचा फोन आला होता, “अण्णा, निम्मे देतो, तक्रार मागे घ्या.” मी नाही म्हटलं.

जुन्या जोडाचं पेटंट आता होणं कठीण. पण प्रदर्शनानंतर कडीच्या जागी मी एक वेगळी रचना बसवली, जी कुणाला दाखवलेली नाही. तिचा प्रोव्हिजनल एका नोंदणीकृत एजंटकडून भरला. त्याने घरी बसून, चेन्नईला न जाता. पावतीवरचा नंबर मी आणि भाच्याने एकेक आकडा वाचून बघितला, पाचवा चार आहे.