घरच्या वर्कशॉपसाठी रंधा: उलटा बांधलेला, बिडाचा, टेबलटॉप की हातातला?

नाशिकमध्ये जुना वाडा उतरवला की त्यातलं सागवान कुठल्या तरी वखारीत येऊन पडतं. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, वरून धुराने काळं झालेलं, आणि एक थर काढला की आत मधासारखा रंग. एक अडचण मात्र असते. एका अंगाने बाक आलेला असतो, दुसऱ्या अंगाने पीळ. असे सहा वासे माझ्या मावसभावाने पाथर्डी फाट्याजवळच्या त्याच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये आणून रचले आणि मला फोन केला, "दादा, हे सपाट करायला कुठली मशीन घेऊ?" त्याच्याकडे चार पर्यायांची यादी होती आणि चारही किमतीच्या क्रमाने लिहिलेले होते. मी त्याला म्हटलं, किंमत खाली लिही. वर हे लिही की काम करताना तुझी बोटं पात्यापासून किती लांब असतील आणि मधे काय असेल. त्याच हिशोबाने केलेली ही तुलना आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. जॉइंटर, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला रंधा मशीन किंवा सरफेस प्लेनर म्हणतात ती, फळीचं एक तोंड सपाट करते आणि त्या तोंडाशी एक कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणते. बस, एवढंच. दोन्ही तोंडं समांतर करून एकसारखी जाडी देणं हे थिकनेसरचं काम. बरेच जण नुसता थिकनेसर घेतात. बाकदार फळी त्याच्या रोलरखाली दाबून सरळ होते, तशीच रंधली जाते आणि बाहेर आल्यावर पुन्हा बाक धरते. जाडी एकसारखी, पण फळी वाकडीच.

आता यादीतला पहिला, सगळ्यात स्वस्त पर्याय: हाताचा इलेक्ट्रिक रंधा उलटा करून टेबलाला बांधायचा. साइटवर फर्निचरचं काम चालतं तिथे हे हमखास दिसतं. ८२ मिलिमीटर पात्याचा रंधा, मिनिटाला सोळा-सतरा हजार फेरे, खटका तारेने आवळून ठेवलेला, आणि वर तोंड करून उघडं पातं. हे अवजार दोन्ही हातांनी धरून लाकडावर चालवायचं म्हणून बनवलेलं आहे. दोन्ही हात मुठींवर असतात तोवर बोटं पात्याकडे जाऊच शकत नाहीत. ते उलटं केलं की ही सगळी सुरक्षितता गेली. बूड जेमतेम फूटभर लांब, म्हणून फळी डगमगते. फळी डगमगली की हात आपोआप ती दाबायला पात्याच्या वर जातो. काही कंपन्या आपल्याच रंध्यासाठी झाकण आणि फळी टेकवून सरकवायची कुंपणपट्टी असलेला स्टँड देतात, त्यावर अरुंद पट्ट्यांच्या कडा मारता येतात. पण तारेने किंवा शिकंज्याने बांधलेला उलटा रंधा मी यादीतून सरळ खोडला. या तुलनेत त्याच्या बाजूने मला काहीही लिहिता येत नाही.

दुसरा पर्याय आपल्याकडची बिडाची रंधा मशीन. बहुतेक वेळा ती कंबाइंड असते: मधे रंधा, त्याच शाफ्टवर बाजूला गोल करवत, कधी ड्रिलही. लाकूड सपाट करण्याच्या बाबतीत घरगुती कुठलीही मशीन हिच्या जवळ येत नाही. चार-पाच फूट लांब टेबल, वजन इतकं की मशीन हलत नाही, आणि पाच-सहा फुटी वासा तिच्यावर अंग टाकून बसतो. मावसभावाला हीच आवडली होती, आणि वास्यांकडे बघता ते बरोबरच होतं. प्रश्न तिच्या पोटात आहे.

जुन्या आणि स्वस्त मशिनींत कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरणारा ठोकळा, चौकोनी असतो. चौकोन फिरताना त्याच्या सपाट बाजू आणि टेबलाची कड यांच्यामध्ये मोठी फट उघडते, मिटते, परत उघडते. डोळ्यांना ती दिसत नाही, कारण वेगामुळे सगळं एक धुरकट गोल वाटतं. हात घसरला तर बोट त्या फटीत खोल ओढलं जातं. गोल कटर ब्लॉकमध्ये फट कायम अरुंद राहते आणि पातं साधारण मिलिमीटरभरच बाहेर असतं. अपघात झालाच तर जखम वरवरची होण्याची शक्यता खूप वाढते. करवतीने तुटलेलं बोट कधी कधी शस्त्रक्रियेने जोडता येतं. रंध्यात गेलेल्या बोटाची ढलपी झालेली असते, जोडायला काही उरत नाही. म्हणूनच १९४८च्या कारखाना कायद्याखालच्या लाकूडकामाच्या नियमांत, हाताने लाकूड ढकलायच्या रंधा मशीनला गोल ब्लॉक आणि पात्याची सगळी फट झाकणारं, वर-खाली आणि आडवं सरकवता येणारं गार्ड सक्तीचं केलं होतं. घरच्या पार्किंगमध्ये तपासायला कोणी येत नाही, म्हणून ते आपणच तपासायचं.

कंबाइंडची दुसरी खोड म्हणजे रंधा चालू असताना बाजूची करवतही फिरत असते. लक्ष समोरच्या फळीवर आणि डाव्या-उजव्या कोपराजवळ करवतीचं उघडं पान. रंधताना ते पान काढून ठेवावं, नाहीतर त्यावर पक्कं झाकण हवं. पट्टा उघडा असतो, त्यालाही पत्र्याची पेटी करून घ्यावी लागते. आणि बटण बंद केल्यावर जड ब्लॉक बराच वेळ फिरतच राहतो. भुसा झटकायला हात पुढे जातो तो नेमका याच वेळी. पावसाळ्यात बिडावर आठवड्यात गंज चढतो, तेव्हा मेण किंवा मेणबत्ती घासत राहायचं, हे तर आलंच.

तिसरा पर्याय टेबलटॉप जॉइंटर, सहा किंवा आठ इंची. याच्याकडे पहिल्यांदा मी जरा खेळणं म्हणूनच बघितलं होतं, पण बोटांच्या हिशोबाने तो बिडाच्या स्वस्त मशीनपेक्षा पुढे आहे. ब्लॉक गोल असतो. पात्यावर स्प्रिंगचं गार्ड असतं: फळी आली की बाजूला सरकतं, फळी गेली की परत येऊन पातं झाकतं. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर चालतो. उणं आहे ते लांबीत. टेबल जेमतेम अडीच फूट, आणि साधारण टेबलाच्या दुप्पट लांबीपर्यंतच फळी नीट सरळ होते. सहा फुटी वासा त्यावर ठेवला तर पुढचं टोक झुकतं, मागचं उचलतं, आणि आपण ते दाबून धरायला वाकतो. म्हणजे पुन्हा तीच चूक. त्याला जाड ओट्यावर बोल्टने बसवायचा, दोन्ही बाजूंना त्याच उंचीचे रोलर-स्टँड ठेवायचे, आणि लांब वासे वापरायच्या मापाला आधीच कापून मग रंधायचे. जेवणाच्या टेबलाचा पाय तीस इंच असतो, त्यासाठी सहा फूट रंधायची गरजच नसते. आवाज मात्र कर्कश असतो, मोठ्या इंडक्शन मोटरच्या घुमण्यापेक्षा कानाला जास्त टोचतो. कानावर मफ हवेतच, आणि दुपारी शेजारच्यांची झोपेची वेळ सांभाळायची.

चौथा हातरंधा. १४ इंची जॅक प्लेन आणि जमलंच तर २२ इंची लांब रंधा. एका वास्याला अर्धा दिवस जातो, खांदे भरून येतात, आणि पीळ बघायला दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर ठेवून डोळ्याने रेषेत आणायला शिकावं लागतं. पण लाईट नको, आवाज नाही, हवेत उडणारी बारीक धूळही फार कमी. धुळीला मी किरकोळ मानत नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं, आणि सागाच्या धुळीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. मशीन कुठलीही घ्या, तिच्या तोंडाशी धूळ ओढणारा व्हॅक्यूम आणि नाकावर चांगला मास्क, हा खर्च मशीनच्या किमतीतच धरा.

वखारीतून मजुरीवर रंधून आणणं हाही एक मार्ग आहे. पण बहुतेक ठिकाणी जाडी काढून देतात, पीळ नाही. आणि वाड्याचं लाकूड म्हटलं की खिळ्यांच्या भीतीने बरेच जण नाहीच म्हणतात.

त्यांचं बरोबर आहे. वाड्याच्या सागात हाती घडवलेले चौकोनी खिळे मोडून आत राहिलेले असतात, डोकं गंजून गेलेलं, वरून फक्त काळा ठिपका. त्यावर पातं आदळलं की पात्याचा तुकडा उडतो, आणि तो कुठल्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही. जोरदार लोहचुंबक दोऱ्याला बांधून पूर्ण वास्यावरून फिरवायचं, हातातला मेटल डिटेक्टर मिळाला तर उत्तमच, आणि प्रत्येक काळ्या ठिपक्याशी पटाशीने उकरून बघायचं. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून निघणारी पाइनची पॅलेटं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, हौशी लोक स्वस्तात आणतात, त्यांनाही हेच लागू. शिवाय त्यावरचा शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणूच नका.

आता लाईटबद्दल, कारण किमतीच्या यादीत हे कुठेच नसतं. माझ्याकडे आधी एक साधी मशीन होती, वर-खाली करायच्या बटणाची. एका दुपारी रंधता रंधता लाईट गेली. मी बटण तसंच ठेवून वर चहाला गेलो, फळी टेबलावरच होती. पंधरा मिनिटांनी लाईट आली आणि खाली मशीन आपणहून सुरू झाली. फळी फेकली जाऊन समोरच्या भिंतीवर आदळली. माझी मुलगी तेव्हा सायकल काढायला पार्किंगमध्ये येत होती, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. त्या आवाजानंतर मी कितीतरी दिवस मशीनला हात लावला नाही.

यावरचा उपाय आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही द्राक्षबागेत बघायला मिळतो: मोटरीचा हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर. लाईट गेली की त्याची कॉइल सुटते, आणि परत आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. मशीनच्या अँपिअरला जुळणारा असा स्टार्टर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, लाल बटण गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल अशा उंचीवर. विहिरीच्या मोटरीला लाईट येताच ती चालू व्हावी म्हणून शेतकरी जो ऑटो स्विच लावतात, तो मात्र इथे कधीही नाही. टेबलटॉपच्या अनेक मॉडेलांत अशी सोय आतूनच असते. विकत घेताना दुकानात मशीन चालू करून प्लगचा खटका बंद करून पुन्हा चालू करायला लावा. ती आपणहून फिरली तर तिथेच समजेल.

मशीन कुठलीही असो, वापरण्याच्या पद्धतीत फारसा फरक नाही, म्हणून थोडक्यात. फूटभरापेक्षा आखूड तुकडा मशीनवर नाही, तो हातरंध्यावर. बाकाची पोटाची बाजू खाली, म्हणजे फळी दोन टोकांवर टेकते, डुगडुगत नाही. एका वेळी मिलिमीटरभर, त्याहून जास्त नाही. लाकडाची रेषा उलटी असेल किंवा गाठ असेल तर अजून कमी. हात पात्यावरून जाताना फळीवर नाही, रबरी तळाच्या ढकलणीवर, म्हणजे फळी पुढे रेटायच्या मुठीवर. आणि हातमोजे घालायचे नाहीत, कारण पातं कापड पकडतं आणि कापड बोट ओढून नेतं. मनगटातला दोरा, गळ्यातली माळ, ओढणी, सैल बाह्या, सगळं काढून ठेवायचं. पातं बदलताना किंवा जुळवताना बटण बंद पुरत नाही, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. जुळवणीची खूणही सोपी आहे: बाहेरच्या, म्हणजे फळी रंधून जिथे येते त्या टेबलावर स्टीलची पट्टी पात्यावर येईल अशी ठेवा आणि ब्लॉक सावकाश लाकडी काठीने फिरवा. पातं पट्टीला अलगद लागून तिला तीनेक मिलिमीटर सरकवतं, तेवढंच हवं. जास्त सरकली तर फळीच्या शेवटाला खड्डा पडणार. अजिबात लागली नाही तर फळी टेबलाच्या कडेला अडणार, आणि अडली की माणूस जोर लावतो.

मावसभावाला मी सांगितलं ते असं. त्याला एक जेवणाचं टेबल, एक पलंग आणि दोन-तीन शेल्फ करायची आहेत, वर्षातून महिनाभराचं काम. त्याच्यासाठी जॅक प्लेन आणि आठ इंची टेबलटॉप. वर्षभर फर्निचर करणाऱ्याने, पार्किंगऐवजी शेड असेल आणि थ्री-फेज मिळत असेल, तर बिडाचीच घ्यावी. पण गोल ब्लॉकची, करवत वेगळी केलेली, गार्ड आणि स्टार्टर बसवून मगच चालू करायची. चौकोनी ब्लॉकची मशीन कोणी निम्म्या किमतीत देत असेल तरी नाही. ब्लॉक बदलून मिळत असेल तर त्या खर्चासकट किंमत बघायची.

त्याने दोन वासे हातरंध्यावर घेतलेत. एक झालाय, दुसऱ्यात अजून पीळ आहे. मशीन खंडेनवमीच्या पूजेला आणायचं ठरलंय. तोपर्यंत ओट्याचे बोल्ट, दोन ढकलण्या आणि हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर तयार ठेवायला त्याला सांगितलंय.