डिना वॉशिंग्टनची ‘मेलो मामा’: काही महिने ऐकल्यानंतर

डिना वॉशिंग्टन ही अमेरिकन गायिका म्हटलं की बहुतेकांना तिचं १९५९ चं ‘व्हॉट अ डिफरन्स अ डे मेक्स’ हे गाणं आठवतं. व्हायोलिनचा ताफा, गुळगुळीत संगीत संयोजन, वर ग्रॅमी. मीही तिच्याकडे त्याच वाटेने आले. त्यामुळे डेलमार्क या रेकॉर्ड कंपनीची ‘मेलो मामा’ ही सीडी लावली तेव्हा पहिल्या दिवशी हिरमोडच झाला. बारा गाणी, त्यातली बरीचशी एकाच साच्यातले ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या दुःख-तक्रारीच्या गाण्यांचा प्रकार. सहाव्या गाण्यापर्यंत पहिलं कुठलं आणि चौथं कुठलं ते कळेना.

ही गाणी मुळात अशी ओळीने ऐकण्यासाठी नव्हतीच. महायुद्ध संपून काही महिने झाले होते. डिसेंबर १९४५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तीन दिवसांत ती अपोलो कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली आणि ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर निघाली. एका बाजूला एक गाणं, तीन मिनिटांच्या आत सगळं आटपायचं. आपल्याकडच्या गायिकांनीही त्या तीन मिनिटांत राग बसवून दाखवलेच आहेत. म्हणून मी एका वेळी दोनच गाणी ऐकायची सवय लावून घेतली आणि सीडीचा रंगच बदलला.

तेव्हा डिना २१ वर्षांची. शिकागोच्या चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गात वाढलेली, लायनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडमधून नुकतीच बाहेर पडलेली. एवढ्या कोवळ्या वयात तिला गाण्यात कसलीच घाई नाही. ब्लूजमध्ये पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. डिना पहिल्यांदा ओळ सरळ सांगते. दुसऱ्यांदा तीच ओळ घेताना एखादा शब्द कात्रीने कापावा तसा मध्येच तोडते, आणि तेवढ्यानं ओळीतला टोमणा उघडा पडतो. उच्चार इतके स्वच्छ, की बोल समोर नसले तरी अडत नाही. रडवेपणा औषधालाही नाही. नवऱ्याची किंवा याराची तक्रार असली तरी सूर हिशेब मागणाऱ्या बाईचा.

आणि साथीदार! लकी थॉम्पसनचा टेनर सॅक्सोफोन, मिल्ट जॅक्सनचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य), चार्ल्स मिंगसचा बास, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचा भाऊ ली यंग ड्रम्सवर. पुढे मिंगस आणि जॅक्सनची नावं जॅझच्या इतिहासात कुठे गेली ते सांगायला नको. पण तेव्हा दोघेही विशीतलेच, थॉम्पसन तर डिनाच्याच वयाचा. गंमत म्हणजे त्याच डिसेंबरात डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर हॉलिवूडच्या बिली बर्ग्ज क्लबात बीबॉप नावाचं जॅझ घेऊन आले होते, आणि जॅक्सन व थॉम्पसन तिथेही वाजवत होते. तिकडे नवं, वेगवान, डोकं भंजाळून टाकणारं संगीत. इकडे डिनामागे मोजून मापून चार सूर. थॉम्पसन तिच्या दोन ओळींमधल्या फटीत उबदार आवाजात दोन शब्द बोलल्यासारखं वाजवतो आणि तिचं गाणं सुरू व्हायच्या आत गप्प बसतो. आता मी कित्येकदा फक्त त्या फटीच ऐकते. ‘ब्लूज फॉर अ डे’ आणि ‘पॅसिफिक कोस्ट ब्लूज’ लावा आणि हे करून बघा.

तांत्रिक बाजू थोडक्यात. ध्वनिमुद्रण त्या काळाचं, त्यामुळे खर्ज पातळ. गाडीत रस्त्याच्या आवाजात मिंगस पार बुडतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवरही तेच. हेडफोन लावले की बास पाय टाकत चालताना नीट ऐकू येतो. आवाज मोठा करण्यात अर्थ नाही, वरचे सूर टोचायला लागतात. डिनाचा गळा मात्र कशावरही वाजवा, समोर उभा राहतो. मी ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली त्याने डबी तडकलेली पाठवली. तबकडीला ओरखडा नव्हता म्हणून वाद घातला नाही.

एकूण वाजण्याचा वेळ पाऊण तासही भरत नाही, आणि किंमत बघता हे काहींना खटकेल. मला खटकलं नाही. याच साच्याची आणखी गाणी असती तर कंटाळा आला असता. डिनाचा सगळा आवाका बघायचा असेल तर १९४६ पासूनची मर्क्युरी कंपनीची गाणी घ्या. तिथे ब्लूज, पॉप, जॅझ सगळं आहे. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमर मॅक्स रोचबरोबरचं १९५४ चं ‘डिना जॅम्स’ तर घ्याच. व्हायोलिनवाली डिना आवडत असेल तर या सीडीपासून सुरुवात करू नका.

एकच तक्रार उरते. ‘नो वूट, नो बूट’ आणि ‘माय वूट इज रियली वाऊट’ ही दोन गाणी जॅझ गायक स्लिम गेलार्डने तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये गाजवलेल्या गमतीदार बोलीवर बेतलेली आहेत. पहिलं अजून चालतं, थॉम्पसनची मंडळी मजेत वाजवतात. दुसरं मी हल्ली सरळ पुढे ढकलते.