देवबागच्या खाऱ्या हवेत हाय-एंड गेमिंग पीसी: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

स्पेक्स सगळ्यांना तोंडपाठ असतात त्यामुळे थोडक्यात सांगतो. रायझन 7 9800एक्स3डी प्रोसेसर, आरटीएक्स 5070 टीआय ग्राफिक्स कार्ड, बी850 मदरबोर्ड, डीडीआर5 6000 सीएल30 ची 32 जीबी रॅम, 2 टीबी एनव्हीएमई एसएसडी, 850 वॅटचा गोल्ड एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), पुढून जाळी असलेलं कॅबिनेट, दोन टॉवरवाला एअर कूलर आणि 1440पी मॉनिटर. 2025 च्या उन्हाळ्यात बांधला. एफपीएसचे (गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम मिळतात त्याचे) आकडे मी देणार नाही, ते सगळीकडे मिळतात. मी लिहितोय ते गंजावर, कारण ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी मला गंजाच्या नावाखाली नाकारली गेली आणि समुद्राजवळ राहणाऱ्या कोणीही नवीन बिल्ड करताना हे आधी वाचावं असं मनापासून वाटतं.

आमचं घर मालवणजवळच्या देवबागला. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. इथे खिडकीचे गज, सायकलची चेन, गॅसची शेगडी, काहीच सुटत नाही. तरी पार्ट निवडताना मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत खारी हवा हा शब्द ऐकला नाही. सगळे बंगळुरू नाहीतर दिल्लीच्या एसी खोलीत बसून बोलतात, धूळ म्हणतात, तापमान म्हणतात, मीठ कोणी म्हणत नाही.

झालं असं की गणपतीच्या आसपास कार्डाचा एक पंखा घरघरायला लागला. आधी हलका आवाज, मग गेम सुरू केला की पार दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल इतका. कार्डाला तीन वर्षांची वॉरंटी, म्हणून ऑनलाइन तक्रार टाकली तर आमच्या पिनकोडला पिकअपच नाही. स्वतः पॅक करून कोल्हापूरला पोचवा. पोचवलं, जाऊन येऊन अख्खा दिवस गेला, आणि काही दिवसांनी मेलवर एक फोटो आला. फोटोत मागच्या पट्टीचा कोपरा, जिथे एचडीएमआयचं भोक असतं तिथे, नखाएवढा तपकिरी डाग आणि दोन स्क्रूंच्या डोक्यावर गंज. खाली एक ओळ, करोजनमुळे वॉरंटी लागू नाही. पंख्याबद्दल अवाक्षर नाही!

मला राग आला तो इथे. ती पट्टी साध्या पत्र्याची, वर पातळ मुलामा, आणि ती कॅबिनेटच्या बाहेर उघडी असते. पंख्याची मोटर पुढच्या बाजूला, तिचा त्या पट्टीशी काहीही संबंध नाही. सर्किट बोर्डावर एक डाग नव्हता, मी पाठवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. ऐंशी हजाराच्या वर पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची बाहेरची पट्टी एका पावसाळ्यात डाग धरते तर तो दोष कोणाचा? ओळखीच्या एका दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे बाबू, खाऱ्या वाऱ्यात काय टिकता?" हे उत्तर आपण आयुष्यभर ऐकत आलो, पण कंपनी वस्तू विकताना पिनकोड बघून पैसे कमी घेत नाही ना.

मग मी चिकाटीने मेल करत राहिलो. दोनच प्रश्न, प्रत्येक वेळी तेच. पट्टीवरच्या डागामुळे पंख्याचं बेअरिंग कसं बिघडलं ते लेखी द्या, आणि वॉरंटीचं नेमकं कुठलं कलम लावताय ते सांगा. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर पुढच्या मेलमध्ये टाकला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि तेव्हा शेवटी लिहिणार होतो की किनाऱ्यावर राहणाऱ्याने महागडं कार्ड घेऊच नये. ते आता काढून टाकतोय. कार्ड परत आलं, तिन्ही पंखे बदलून दिलेत, पैसे घेतले नाहीत. कार्ड तेच, पट्टी तीच, डागही तोच. आवाज पूर्ण गेला आणि तेव्हापासून चांगलं चालतंय. माझं मत कार्डाबद्दल बदललं, त्यांच्या सर्व्हिसबद्दल नाही, कारण जे शेवटी दिलं ते पहिल्याच दिवशी देता आलं असतं.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली, ती सांगतो. मीठ स्वतःहून काही करत नाही. हवेतली दमटपणाची पातळी साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढतो आणि स्वतःच विरघळून थेंब होतो, मग त्या खाऱ्या पाण्याखाली पत्रा गंजतो, तांबं कळकतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दिवसचे दिवस त्याच्या वर असते. पण हवा तापली की आकडा पटकन खाली येतो, 27 डिग्रीची 90 टक्के दमट हवा कॅबिनेटच्या आत 37 डिग्री झाली की जवळपास निम्म्यावर, पन्नासच्या आसपास. म्हणजे चालू पीसी आतून कोरडा असतो, खरा धोका बंद पीसीला. बरेच जण पावसात "उगाच कशाला" म्हणून दोन-दोन आठवडे मशीन लावत नाहीत आणि वर प्लास्टिक टाकून ठेवतात, त्या प्लास्टिकखाली ओल कोंडते. मी रोज तासभर तरी लावतो, गेम नसला तरी. आणि समुद्राकडची खिडकी त्या खोलीत बंदच.

याच कारणाने जाळीच्या कॅबिनेटबद्दल माझं मत दोनदा फिरलं. आधी वाटलं जाळी म्हणजे खारं वारं सरळ आत, काचेचं घ्यायला हवं होतं. मग सप्टेंबरात पुढचा फिल्टर काढून बघितला तर त्याच्यावर चिकट करड्या रंगाचा थर, बोटाने ओढला तर निघत नाही, कोमट पाण्यात घातला तेव्हा सुटला. हेच सगळं नाहीतर कूलरच्या पात्यांवर आणि रॅमच्या सॉकेटपाशी बसलं असतं. काचेच्या कॅबिनेटातही हवा जातेच, खालून आणि बाजूने. त्यामुळे आता ठाम मत आहे, जाळी चालेल पण फिल्टर बारीक हवा, हाताने निघणारा हवा, आणि आत हवा ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त हवेत म्हणजे फटींतून वारं ओढलं जात नाही. फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका, पावसात त्याला दोन दिवसही लागतात.

लिक्विड कूलर मी घेतला नाही आणि आजही घेणार नाही. 9800एक्स3डी मध्ये जास्तीचा कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) कोअरच्या खाली गेलाय, आधीच्या 7800एक्स3डी मध्ये तो वर होता, त्यामुळे उष्णता सरळ कूलरला मिळते. मे महिन्यात एसीशिवाय, घामाने शर्ट चिकटलेला असताना, गेममध्ये तापमान 70 डिग्रीच्या पुढे क्वचित गेलं. हा प्रोसेसर म्हणजे या बिल्डमधलं सोनं आहे, व्हॅलोरंटपासून मोठ्या ओपन वर्ल्डपर्यंत कुठे अडखळत नाही. मग पंप आणि नळ्या कशाला, बिघडलं की परत कोल्हापूरच.

आता लाईट. एसएमपीएस 850 चा कशाला, 650 मध्ये भागतं, असं मलाही वाटत होतं आणि ते दोन-अडीच हजार मला फार टोचले होते. कार्ड 300 वॅटचं, प्रोसेसर 120 चा, बेरीज केली तर 650 पुरतोसुद्धा. पण कार्ड क्षणभर त्याच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतं आणि आपल्याकडे त्याच वेळी लाईट डुलत असते. ते पैसे आता अजिबात टोचत नाहीत. सोबत यूपीएस 1500 व्हीएचा, प्युअर साइन वेव्हचा. व्हीए बघून फसू नका, डब्यावर वॅट बघा, 1000 व्हीएच्या बऱ्याच यूपीएसला 600 वॅटच मिळतात. आणि घरातल्या इन्व्हर्टरवर असा पीसी टाकणार असाल तर त्याचं बटन यूपीएस मोडवर आहे ना बघा, साध्या मोडला लाईट गेल्यावर तो इतका उशिरा उचलतो की एसएमपीएसला तेवढा वेळ तग धरता येत नाही आणि मशीन रिस्टार्ट होतं. तौक्ते वादळात, 2021 च्या मे महिन्यात, आमच्याकडे किती दिवस अंधार होता ते आठवतं, तेव्हा कुठलाच यूपीएस पुरत नाही, फक्त नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो आणि तेवढाच हवा असतो.

अर्थिंगचं तर कोणी विचारतच नाही. मशीन लावल्यावर पहिल्याच आठवड्यात कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या यायच्या. टेस्टर लावला तर पेटला. वायरमन काकांनी मीटर लावला, बॉडीवर शंभरच्या वर व्होल्ट. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मा व्होल्टेज तरंगतो, करंट अगदी थोडा असतो पण ते मशीनलाही चांगलं नाही आणि माणसालाही. काकांनी खड्डा उकरला तेव्हा वाळूतला अर्थिंगचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप हातात तुकड्या-तुकड्यांनी आला, वरून वायर घट्ट बांधलेली आणि खाली पाईपच नाही. तांब्याचा मुलामा असलेला रॉड घातला, क्लॅम्पला ग्रीस फासलं, मुंग्या त्याच दिवशी थांबल्या. हा खर्च पार्टच्या यादीत कोणी धरत नाही, तुम्ही धरा.

बाकी किरकोळ. एएम5 वर (या प्रोसेसरच्या सॉकेटवर) पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, रॅम ट्रेनिंग म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं चालू असतं, घाबरून बटन दाबू नका, विशेषतः लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएस लावूनच पहिला बूट करा. रॅमच्या दोनच स्टिक घ्या, चार लावल्या की 6000 चा वेग टिकवणं कठीण जातं. मी घेतली तेव्हा रॅम परवडली, 2025 संपता संपता भाव असे चढले की तेव्हा तीच घ्यायची तर हात आखडावा लागला असता. ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा 12व्ही-2x6 चा कनेक्टर कट्ट करून पूर्ण बसलाय का ते डोळ्याने बघा, आणि उगाच पुन्हा पुन्हा काढू नका.

पट्टीवरच्या डागाला मी आता महिन्यातून एकदा कापडावर थोडं मशीनचं तेल घेऊन पुसतो, पोर्टच्या आत जाऊ न देता. न वापरलेल्या एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्टला रबरी टोप्या लावल्यात, ऑनलाइन पाकीटभर मिळतात, शंभर-दीडशे रुपयांत. नवीन कार्ड आलं की डब्यातून काढल्याबरोबर पट्टीचा, स्क्रूंचा आणि सिरियल नंबरचा तारीख दिसेल असा फोटो काढा, मग दर पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक. माझ्याकडे पाठवण्याआधीचे फोटो नसते तर त्या मेलामेलीत मी काहीच दाखवू शकलो नसतो.