टेरी टॉवेलचा तागा मोजायला चाक घ्यावं की लेझर स्पेकल?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी विणणाऱ्याने लेझर स्पेकलच्या नादी लागू नये. घट्ट विणीवर एन्कोडरचं (फेरे मोजणाऱ्या सेन्सरचं) मोजचाक उत्तम चालतं. प्रश्न टेरीचा, म्हणजे धाग्याचे लूप उभे असलेल्या कापडाचा आहे.

चाकाचं दुखणं म्हणजे तूस. २०० मिमी परिघाच्या चाकावर ०.३ मिमी तूस गुंडाळलं, की परिघ जवळजवळ २ मिमीने वाढतो. मग १०१ मीटर कापड गेलं तरी काटा १०० दाखवतो, म्हणजे मीटरभर माल फुकट. पाइल (लूपचा थर) दबून चाक घसरतं ते वेगळंच. दर पाळीला चाक पुसणारा माणूस असेल, तर अजूनही चाकच स्वस्त.

स्पेकलमध्ये कापडाला काही टेकत नाही. लेझरचा ठिपका खडबडीत पृष्ठभागावर पडला की दाणेदार नक्षी उमटते, कापडाबरोबर ती सरकते आणि कॅमेरा लागोपाठच्या दोन फ्रेम जुळवून ती सरक मोजतो. साध्या दिव्याखाली हेच केलं तर एकसारख्या लूपमुळे जुळणी एखादा लूप मागेपुढे होते.

६५० नॅनोमीटरचा लेझर, २ मिमी समांतर झोत, १०० मिमीवर कॅमेऱ्याचा बिनलेन्सचा सेन्सर धरा. दाणा ३० ते ४० मायक्रॉनचा येतो. तो निदान दोन पिक्सेल व्यापायला हवा. मिनिटाला ३० मीटर वेगाने सेकंदाला १,००० फ्रेम घेतल्या, तर दोन फ्रेममध्ये कापड अर्धा मिमी सरकतं, हे चालतं. २०० फ्रेमवर ते अडीच मिमी सरकतं, ठिपक्याखालचा भाग अख्खा बदलतो आणि जुळवायला काही उरत नाही. एक्स्पोजर १० मायक्रोसेकंद ठेवा. १०० केलं की दाणे फासले जातात.

सगळ्यात जास्त फसवते ती जागा. सेन्सर रोलरसमोर लावायचा मोह होतो, कारण तिथे कापड ताठ असतं. पण तिथे पृष्ठभाग सरकतो तसा वळतोही. ५० मिमी त्रिज्येच्या रोलरवर याच मांडणीत नक्षी कापडाच्या पाचपट धावते. अधांतरी ताणलेल्या कापडाचीही तीच गत: एक मिलिरेडियन (सुमारे ०.०६ अंश) कलला तरी ०.२ मिमी खोटी सरक दिसते. म्हणून सपाट तक्त्यावरच मोजा आणि पंख्याचा झोत दूर ठेवा. लूप थरथरले की नक्षी उकळल्यासारखी बदलत राहते.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की उघडा लेझर डायोड तरंगलांबी बदलतो आणि नक्षी एकदम उडी मारते. डायोड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवून तापमान स्थिर राखायचा खर्च हिशेबात धरा. विकणाऱ्याच्या यादीत तो बहुधा नसतो. घेण्याआधी टेपने मोजलेला १० मीटरचा तुकडा, तोही स्वतःच्याच मालाचा, दहा वेळा फिरवून बघा.