सोलापुरात पाणी साठवताना : टिपाड, जाळी, क्लोरिन आणि अबेट यांतलं काय कामाचं

उजनी, टाकळी आणि हिप्परगा अशा तीन ठिकाणांहून पाणी येत असलं, तरी सोलापुरात ते भागाभागानुसार काही दिवसांआड सुटतं. त्यामुळे टिपाड, हौद किंवा सिंटेक्स नसलेलं घर सापडणं अवघड. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारात नाही, तर अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो. साठवणीसाठी बाजारात जे मिळतं आणि आरोग्य कर्मचारी जे देतात, त्यातली कोणती वस्तू नेमकं काय करते, हे इथे पाहू.

सगळ्यात आधी टिपाड, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर ठरतं. दोनशे लिटरची निळी बॅरल दोन प्रकारची असतात. एकाचं तोंड बंद असतं आणि वर फक्त दोन बुचं असतात. ते घेऊ नका, आत हात जात नाही आणि घासता येत नाही. ते वरून कापून विकतात, तेही नको. कापलेल्या कडेवर झाकण नीट बसत नाही आणि फट राहते. पूर्ण उघडं तोंड, वर सपाट झाकण आणि ते आवळणारी लोखंडी रिंग असलेलं टिपाड सर्वांत चांगलं. जुनं घेणार असाल तर त्यात आधी काय भरलं होतं ते विचारा. रंग किंवा केमिकलचं लेबल असेल, लेबल खरवडलेलं असेल किंवा आत वास येत असेल, तर ते पिण्याच्या पाण्याला चालणार नाही, कितीही स्वस्त मिळो.

टिपाडाला तळापासून दोन-तीन इंचांवर तोटी बसवून घ्या. पाण्यात तांब्या बुडवताना बोटांवरचे जंतू पाण्यात जातात. तोटी असली की तो प्रश्नच मिटतो. भरलेलं टिपाड दोनशे किलोच्या वर जातं, म्हणून खाली पक्का विटांचा ओटा हवा, डगमगता स्टूल नको. तोटीखाली उरणारं पाणी मात्र टिपाड आडवं केल्याशिवाय निघत नाही, आणि अळ्या तिथेच तग धरतात.

टिपाड कितीही चांगलं असलं तरी वापरण्याची पद्धत चुकली की उपयोग शून्य. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्याकडच्या उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्याच्या आत टिपाड पूर्ण रिकामं झालं तर डास व्हायला वेळच मिळत नाही. पण पाणी सुटलं की अर्ध्या भरलेल्या टिपाडातच वरून भर घातली जाते आणि तळाचं पाणी महिनाभर तसंच राहतं. त्याहून वाईट म्हणजे मोरीच्या मागे अडीअडचणीसाठी भरून ठेवलेलं टिपाड, ज्याला कोणी हातच लावत नाही. उपाय सोपा आहे. दोन टिपाडं ठेवा, खडूने भरल्याची तारीख लिहा, जुनं आधी संपवा, आणि ते कोरडं झाल्यावरच पुन्हा भरा. अडीअडचणीचं टिपाडही या पाळीत घ्या.

आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी करायची, हा ‘कोरडा दिवस’. पण तो म्हणजे नुसतं पाणी ओतून देणं नव्हे. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून काथ्याने किंवा ताठ घासणीने तो पट्टा चारही बाजूंनी रगडून घ्या. धुवण गटारात न ओतता उन्हातल्या कोरड्या जमिनीवर टाका. उन्हाळ्यानंतर कुलर काढून ठेवताना त्याची टाकी अशीच घासा आणि गवताच्या जुन्या जाळ्या फेकून द्या, अंडी त्यांनाही चिकटलेली असतात.

रिंगचं झाकण नसेल तर नायलॉनची मच्छरजाळी हा स्वस्त आणि खरोखर चांगला पर्याय आहे. टिपाडाच्या तोंडाला साधारण मीटरभर लांब-रुंद तुकडा लागतो. कडेला इलॅस्टिक टाकून कोणताही टेलर टोपी शिवून देतो. सुती फडकं बांधण्यापेक्षा हे बरं. फडकं ओलं होऊन मधे झोळ पडतो आणि त्या खोलगट भागातच पाणी साचतं. जाळीने धूळ आणि प्रकाश थांबत नाही, तेवढ्यासाठी वर फळी ठेवा. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बहुतेक लोक विसरतात. त्याच्या तोंडालाही जाळी तारेने आवळा.

आता औषधं. इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे, कारण एकाच औषधाने सगळं होईल असं मानलं जातं. क्लोरिन जंतू मारतं, पण पिण्याच्या पाण्यातल्या प्रमाणात अळ्या मारत नाही. अबेट, म्हणजे टेमेफॉस हे अळीनाशक, अळ्या मारतं, पण कावीळ आणि हगवणीच्या जंतूंना काही करत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत.

क्लोरिनच्या गोळ्या घरगुती वापराला उत्तम, पण त्यांची ताकद वेगवेगळी असते. अर्ध्या ग्रॅमची नेहमीची गोळी वीस लिटरला पुरते, इतर गोळ्यांसाठी पाकिटावर किती लिटर लिहिलंय ते वाचा. पाणी गढूळ असेल तर आधी चारपदरी फडक्यातून गाळा, नाहीतर क्लोरिन गाळावरच खर्ची पडतं. गोळी चुरून टाका, ढवळा, अर्धा तास थांबा. हे प्लास्टिकच्या कॅनमध्ये करा. तांब्याच्या हंड्यात आणि मातीच्या माठात क्लोरिन लवकर उतरतं, त्यामुळे माठात ओतायचं ते अर्ध्या तासानंतरच. आणि संपूर्ण टिपाडात क्लोरिन टाकू नका. चार दिवस साठवलेल्या पाण्यात ते उरत नाही. रोजच्या पिण्यापुरतंच करा.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरच्या टाकीला किंवा हौदाला योग्य. चांगल्या, म्हणजे तेहतीस टक्के क्लोरिन असलेल्या पावडरीचे अडीच ग्रॅम हजार लिटरला लागतात. दोनशे लिटरला अर्धा ग्रॅम होतो आणि तो घरी मोजता येत नाही, म्हणून टिपाडासाठी पावडर नकोच. पावडर थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढंच टाकीत ओता आणि तासभर थांबा. पुडी उघडी राहिली किंवा दमट जागी ठेवली की ती निव्वळ चुना उरते. ॲसिडवाल्या संडास क्लीनरजवळ ती कधीही ठेवू नका, दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो. क्लोरिन आहे का हे पाहायला ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट पुरेशी आहे. नळीत पाणी घेऊन थेंब टाका, पिवळसर रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे. तपासलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका.

अबेटची एक टक्क्याची वाळू, म्हणजे औषध लावलेले वाळूसारखे दाणे, दहा लिटरला एक ग्रॅम, म्हणजे टिपाडाला वीस ग्रॅम. योग्य मात्रेत ते पिण्याच्या पाण्यात टाकायलाही चालतं. तरी रिकामं करता येणाऱ्या टिपाडासाठी आम्ही त्याची शिफारस करणार नाही, कारण धुतलं की औषध गेलं. त्याची खरी जागा उपसता न येणारा जमिनीखालचा हौद आणि बांधकामावरची टाकी. पाण्यात स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसत असतील तर अबेटची वाट पाहू नका. कोष काही खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर औषध चालत नाही. पाणी ओतून देणं हाच उपाय.

गप्पी मासे बागेच्या हौदाला छान. पाच-दहा पुरतात, पण नळाचं ताजं पाणी थेट ओतलं तर क्लोरिनने मरतात. ते रात्रभर उघडं ठेवून मग ओता. नदी-तलावात मात्र सोडू नका, तिथल्या मूळ माशांना त्रास होतो.

धूर फवारणी फक्त त्या वेळी उडणारे डास मारते, अळ्यांना हात लावत नाही. एडिस घरात, कपड्यांच्या आड आणि पलंगाखाली बसतो. म्हणून गाडी आली की अन्नपाणी झाका आणि खिडक्या-दारं उघडी ठेवा. आशाताई कंटेनर तपासायला आल्या तर मोरीच्या मागचं टिपाडही दाखवा.