डी5 पंप चांगलाय, पण फुल स्पीडला पळवू नका
इंदूरच्या जेलरोडवरनं कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगसाठी, म्हणजे पाणी फिरवून तो गार ठेवायला, पीडब्ल्यूएमवाला (मदरबोर्डवरनं स्पीड कमीजास्त करता येतो असा) डी5 घेतला, पंप एक नंबर, कमी स्पीडला आवाज जवळजवळ नाहीच. पण दुकानातले भिया सांगतात ना की पाणी जोरात फिरवा म्हणजे टेंपरेचर धपकन पडेल, तसं काही नसतं हो. हिशेब बघा, 300 वॉट उष्णता आणि मिनिटाला 4 लिटर फ्लो, तर पाणी एका फेरीत जेमतेम 1 डिग्री तापतं, 2 लिटर केला तर 2 डिग्री, ब्लॉकमुळे (सीपीयूवर बसतो आणि ज्यातनं पाणी जातं तो धातूचा भाग) अजून थोडाफार फरक, बस! फारच कमी केला तर मात्र सीपीयू तापतो. आणि इंदूरच्या मे महिन्यात खोलीच भट्टी, पाणी खोलीपेक्षा गार होणारच नाही, पंप बिचारा काय करणार. त्यापेक्षा रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी, मोठा घ्या.